अस्वलाचं पान

ईडन प्रेरीहून आजच्या मुलांच्या भागात पांढऱ्या अस्वलाची गोष्ट. निमित्त आहे २७ फेब्रुवारीचं. आपल्यासाठी हा कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, म्हणजे मराठी भाषा गौरव दिन. योगायोग असा, की ध्रुवीय अस्वलांचा आंतरराष्ट्रीय दिवसही हाच. अस्वलाबद्दल मराठीतून बोलायला याहून चांगला मुहूर्त कुठला?

मुलांना सेंट पॉलच्या कोमो झूमध्ये नेलंत की एक प्रश्न येतोच. आमच्याकडेही आला. "बाबा, इथे उन्हाळ्यात नव्वद डिग्री होतं, तरी ही अस्वलं मजेत असतात. मग आर्क्टिक थोडं गरम झालं तर काय बिघडलं?" मी "त्यांना थंडीच लागते" म्हणून वेळ मारून नेली. उत्तर चुकीचं होतं, हे घरी येऊन वाचल्यावर कळलं.

कोमोमध्ये माणूस वेळेवर खायला घालतो. आर्क्टिकमध्ये अस्वलाचं मुख्य अन्न म्हणजे सील, आणि सील पकडायला गोठलेला समुद्रच हवा. सील पाण्याखाली राहतो, पण श्वासासाठी त्याला वर यावं लागतं. त्यासाठी तो बर्फात भोकं राखून ठेवतो. अस्वल अशा भोकाशी तासन्‌तास दबा धरून बसतं. अस्वल पट्टीचं पोहणारं आहे, पण उघड्या पाण्यात सील त्याच्या हाती सहसा लागत नाही. म्हणजे बर्फ हे अस्वलाचं जेवायचं पान. पान उचललं, की जेवण संपलं.

आता घरातला नकाशा काढा. ईडन प्रेरीवर बोट ठेवा आणि जवळजवळ सरळ उत्तरेला न्या. हजारेक मैलांवर, कॅनडात, हडसन बेच्या काठी चर्चिल हे गाव लागेल. तिथला बर्फ दर उन्हाळ्यात पूर्ण वितळतो. अस्वलं किनाऱ्यावर येतात आणि नोव्हेंबरात समुद्र पुन्हा गोठेपर्यंत जवळजवळ उपाशी राहतात. रोज साधारण किलोभर वजन उतरतं. (आपला एका दिवसाचा उपास, तोही साबुदाण्याच्या खिचडीवर!) १९८०च्या दशकाच्या तुलनेत हा उपास आता तीन-चार आठवड्यांनी लांबला आहे. पिल्लांना हे सर्वांत जड जातं, कारण आईचं दूध आटतं. पश्चिम हडसन बेमध्ये २०१६ साली अंदाजे ८४२ अस्वलं होती, २०२१ साली ६१८.

एवढं ऐकून लेकीनं विचारलं, "मग सगळी संपणार?" मुलांना घाबरवू नका, पण खोटा धीरही देऊ नका. सगळीकडे सारखी परिस्थिती नाही. अलास्का आणि रशियामधल्या चुकची समुद्रातली अस्वलं अजून धष्टपुष्ट आहेत. पण बर्फ घटतोय आणि त्यामागे आपण जाळत असलेलं तेल, कोळसा आणि गॅस आहे, हे नऊ वर्षांच्या मुलाला नीट कळतं.

पुण्यातल्या आजीनं "आपल्याला काय त्याचं?" म्हटलं, तर तिला सांगा, की आर्क्टिकमध्ये स्वालबार्डला २००८पासून भारताचं 'हिमाद्री' संशोधन केंद्र आहे आणि ते चालवणारी संस्था आपल्या गोव्यात, वास्कोला आहे.

आमच्याकडे आता एक वही केली आहे. स्टेअरिंग लेक कधी गोठला, कधी मोकळा झाला, ती तारीख लेक त्यात लिहिते. काठावरून बघूनच, बरं का! चार इंच जाड, स्वच्छ बर्फ असल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही, हा मिनेसोटाचा नियम तिनंच वहीच्या पहिल्या पानावर मराठीत लिहिला आहे. 'गोठला'मधला ठ उलटा आलाय, तो मी तसाच ठेवलाय.