सुट्टीपुरता शिंगवाला पाहुणा

‘आई, आपण काहीतरी पाळू या ना!’ हा हट्ट घरोघरी ओळखीचा. पण कुत्र्याला फिरवायचे कोणी, मांजराचे केस झाडायचे कोणी? दोन खोल्यांच्या घरात त्यांना ठेवायचे तरी कुठे? जपानमधल्या आईवडिलांनी यावर काढलेला तोडगा आपल्याला अंमळ विचित्रच वाटेल. ते मुलांना भुंगा आणून देतात!

याचे नाव काबुतोमुशी. ‘काबुतो’ म्हणजे योद्ध्याचे शिरस्त्राण, ‘मुशी’ म्हणजे किडा. नराच्या डोक्यावर टोकाशी फाटे फुटलेले ऐटबाज शिंग असते, मादी बिनशिंगाची. याचा एक भाऊबंद कोकणातल्या बागायतदारांना चांगलाच ठाऊक आहे: माडाचा कोवळा कोंब पोखरणारा गेंड्या भुंगा. तिथे त्याला लोखंडी आकडीने ओढून काढतात. जपानमध्ये काबुतोमुशीसाठी दुकानातून खास जेली आणतात!

जुलैच्या अखेरीस तिथल्या शाळांना सुट्टी लागते. मग ओकच्या झाडांतून झिरपणाऱ्या रसावर जमलेले भुंगे शोधायला बच्चेकंपनी भल्या पहाटे निघते. रान जवळ नसेल, तर भुंगा दुकानातही मिळतो. त्याची बडदास्त अगदी साधी. झाकणाला भोके असलेला प्लॅस्टिकचा डबा, त्यात कुजलेल्या पानांची ओलसर माती, चढायला लाकडाचा तुकडा आणि खायला जेली किंवा केळे. कलिंगड मात्र नको, त्यात पाणीच फार. दोन नर एकत्र ठेवले तर शिंगे अडकवून झुंजतात. बाकी लस नाही, फिरवणे नाही. दिवसभर मातीत झोप आणि रात्री खडबड, एवढाच त्याचा उपद्रव.

खरी अडचण पुढे येते. या भुंग्याचे प्रौढ आयुष्य जेमतेम एक ते तीन महिन्यांचे. सुट्टी संपता संपता एके सकाळी तो उताणा पडलेला दिसतो. मूल उठण्याआधी गुपचूप तसाच दुसरा आणून ठेवण्याचा मोह कोणत्याही आईला होईल. पण तो टाळावा. मुलाला रडू द्यावे, कुंडीत त्याला पुरू द्यावे.

मात्र डब्यातली माती फेकू नये! नरमादी एकत्र असतील, तर तिच्यात साबुदाण्यासारखी अंडी सापडण्याचा संभव असतो.

१९९९ पासून जपानमध्ये परदेशी भुंग्यांची आयात बरीच खुली झाली. ते निसटले, तर देशी जातींशी संकर होईल अशी धास्ती तिथल्या शास्त्रज्ञांना वाटते. म्हणून कंटाळा आला तरी असा भुंगा रानात सोडायचा नसतो. आपल्याकडे तर परवान्याशिवाय जिवंत किडे परदेशातून आणता येत नाहीत. तेव्हा जपानहून येणाऱ्या मामाला ‘एक घेऊन ये’ असे कोणी सांगू नये.

अंड्यांतून सुमारे दोन आठवड्यांत अळ्या निघतात आणि त्या मातीवरच पोसल्या जातात. लेंड्या फार दिसू लागल्या की त्या चाळून नवी पानमाती घालायची. हिवाळाभर डबा घराच्या एका थंड कोपऱ्यात नुसता पडून असतो. वसंतापर्यंत अळी मोठ्या माणसाच्या अंगठ्याहून जाड होते, मग कोष, आणि जून-जुलैत नवा भुंगा. तोवर मातीवर पाणी शिंपडण्याचे काम मुलाकडेच असू द्यावे.