बंद हंगामातील किनारा

आदिलाबादहून कोणत्याही दिशेस निघाले तरी समुद्र दूरच. आपल्या पैनगंगेचे पाणी वर्धेतून प्राणहितेत आणि पुढे गोदावरीतून पूर्व समुद्रास मिळते, एवढाच काय तो आपला त्याच्याशी संबंध. तरीही जुलै २०१८ मध्ये, भर पावसात, मी नंदीग्राम एक्सप्रेसने मुंबई गाठली आणि तेथून एस.टी.ने मंडणगडमार्गे वेळासला उतरलो. वेळास ते दाभोळ हा रत्नागिरी जिल्ह्याचा उत्तर किनारा एकट्याने पायी चालावा, असा बेत होता.

“बालरोगतज्ज्ञाने जुलैत रजा घ्यायची?” हा एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचा प्रश्न रास्त होता. कोकणातील पर्यटकांचा हंगाम संपतो तेव्हाच आपल्याकडे आमचा सुरू होतो. जुलाब, मलेरिया, डेंग्यू, न्यूमोनिया यांनी दवाखाना भरून वाहतो. रजेचे खरे कारण मी त्यांना सांगितले नाही. आदल्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये सात महिन्यांची एक मुलगी माझ्या हातून गेली होती. नाल्यास पूर आल्याने आईवडील तिला घेऊन रात्रभर पलीकडे अडकले होते. दवाखान्यात पोहोचली तेव्हा डोळे खोल गेलेले, नाडी हातास लागत नव्हती. हाडातून सलाइन दिले. उपयोग झाला नाही. त्यानंतर पत्र्यावर पाऊस वाजू लागला की माझी झोप उडे. असले काही चारचौघा डॉक्टरांत बोलण्याची आपल्यात रीत नाही. जेथे कोणी माझ्याकडे मूल घेऊन येणार नाही, अशा ठिकाणचा पाऊस मला पाहावयाचा होता.

वेळासला ज्या घरी उतरलो तेथील आजोबांनी माझा बेत ऐकून प्रथम तिथीच काढली. “आज अष्टमी. तिथीची पाऊणपट करायची, म्हणजे सहा. सहाला पुरी भरती, दुपारी बाराला सुकती. चालायचं ते सुकतीच्या आगेमागे. आणि लाटेकडे पाठ करू नका, डॉक्टर.” वजनावरून औषधाची मात्रा काढावी तसा हा हिशोब, पुढील साऱ्या वाटेत तो फारसा चुकला नाही.

ऑलिव्ह रिडले कासवांच्या संवर्धनामुळे वेळासचे नाव झाले. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्गमित्र’ने २००२ पासून हे काम उभे केले. पिले समुद्राकडे निघतात त्या दिवसांत येथे शहरी माणसांची गर्दी असते. जुलैत मात्र किनाऱ्यावर मी आणि दोन कुत्री. समुद्र गढूळ, मातकट. क्षितिज पावसात बुडालेले. लाटांनी वाळू कापून पायरी केली होती आणि तिच्याशी आपण टाकलेले सारे परत आणून ठेवले होते : चपला, थर्मोकोल, नारळ आणि नळीसकट सलाइनची एक बाटली. ती मी उचलून पिशवीत टाकली. पुढे आणखी तीन दिसल्या. त्या उचलल्या नाहीत.

खाडी आडवी आली की डांबरी रस्त्याने वळसा घ्यावा लागे. अंतर फार वाटले तर मी निमूटपणे एस.टी.त बसे, विक्रम करावयाचा नव्हता. केळशीस मुक्काम करून दुसऱ्या दिवशी आंजर्ल्यास पोहोचलो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असल्याने खाडीत होड्या झाकून ठेवलेल्या. पडवीत जाळे दुरुस्त करणारे एक गृहस्थ म्हणाले, “सध्या माशांची बाळंतपणं चाललीत.” कोणाची तरी बाळंतपणे चालली आहेत आणि मला बोलावणे नाही, याचे मला हसू आले.

ते हसू रात्री नऊपर्यंतच टिकले. यजमानीणबाईंनी वहीत माझ्या नावामागचे ‘डॉ.’ वाचले होते. शेजारच्या आजी दीड वर्षाच्या नातवास घेऊन आल्या. सकाळपासून उलट्या, जुलाब. दापोलीचा रस्ता झाड पडून बंद. मी डोळ्यांचा डॉक्टर आहे असे सांगून टाकावे, असे क्षणभर खरोखरच मनात आले. तेवढ्यात मुलाने माझ्या हातातल्या पेल्याकडे पाहून हात पुढे केला. पोटाची चिमटीत धरलेली कातडी सावकाश परतत होती. पण त्याला तहान होती, नाडी भरलेली होती. म्हणजे वेळ होता. आशाताईंकडून ओआरएसची दोन पाकिटे आली. वजन अंदाजे दहा किलो. चार तासांत साडेसातशे मिलिलिटर. एकेक चमचा, उलटी झाली की दहा मिनिटे थांबावयाचे, पुन्हा चमचा. “मीठ घालून पेज दिली तर चालेल का हो?” आजींनी विचारले. या ओआरएस पूर्ततेनंतर तीच द्यायची, असे मी म्हणालो. पावणेतीनच्या सुमारास नातवाने आजींचे लुगडे ओले केले. त्या ओल्या लुगड्याचा आनंद काय असतो, हे बालरोगतज्ज्ञास सांगावयास नको. रात्रभर कौलांवर पाऊस कोसळत होता, हे मला झोपावयास गेल्यावर लक्षात आले. उठलो तेव्हा दशमीची साडेसातची भरती येऊन ओसरूही लागली होती.

पुढे हर्णै. समोर सुवर्णदुर्ग, पण तेथे नेणारी होडी या दिवसांत नाही. मग मुरूड, महर्षी कर्वे यांचे गाव. १८७५ मध्ये सहावीच्या परीक्षेसाठी हवामानामुळे बोटीची सोय नव्हती, म्हणून कर्वे मित्रांसह येथून कुंभार्ली घाटाने पायी साताऱ्यास गेले. आणि वय सतरा पूर्ण असूनही ते लहान दिसतात, या सबबीवर त्यांना परीक्षेस बसू दिले नाही. दिसण्यावरून वय ठरविण्याची ही खोड आमच्या बाह्यरुग्ण विभागातही पुरती गेलेली नाही. कुपोषित मूल नेहमीच वयाहून लहान दिसते.

दाभोळला पाचव्या दिवशी पोहोचलो. फोन सुरू केला, निरोप वाचले आणि परतीची गाडी धरली. त्या वर्षीचा हंगाम नेहमीसारखाच गेला, म्हणजे वाईट. झोप मात्र पूर्वीपेक्षा बरी लागे.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावरून गेले. आंजर्ल्याचा फोन लागण्यास बरेच दिवस गेले. लागला तेव्हा आजीच बोलल्या. कौले उडाली होती, पोफळी आडव्या झाल्या होत्या, वीज नव्हती. नातू ठीक आहे, आता फार बडबडतो, म्हणाल्या, आणि फोन त्याच्या हाती दिला. तो काहीच बोलला नाही.