नकाशावर बावडा सापडेना? आधी समुद्रात शोधा!

कसबा बावड्याचा अक्षांश साधारण १६.७३, रेखांश ७४.२३. क्यूजीआयएसमध्ये हे दोन आकडे उलटसुलट भरले, की गाव थेट आर्क्टिकला जातं. नॉर्वे आणि स्वालबार्डच्या मधल्या समुद्रात, बेअर आयलंडच्या पश्चिमेला! स्कॅन केलेला नकाशा पत्ता न देताच उघडला, तर तो शून्य अक्षांश-शून्य रेखांशापाशी, आफ्रिकेजवळच्या गिनीच्या आखातात तरंगतो. म्हणून लेयर दिसेना झाला की सॉफ्टवेअर पुन्हा टाकायची घाई नको. लेयरवर राईट क्लिक, ‘झूम टू लेयर’. गाव कुठं फिरायला गेलंय ते लगेच कळतं. परत आणायचं तर आपला यूटीएम पट्टा ४३ उत्तर, ईपीएसजी क्रमांक ३२६४३.

जेपीजी नकाशाचा पत्ता बहुधा शेजारच्या जेजीडब्ल्यू फाइलीत असतो. सहा ओळी, सहा आकडे, बस्स. नुसतं चित्र व्हॉट्सॲपवर धाडलं की पत्ता मागेच राहतो. त्यातला चौथा आकडा उणे असतो, कारण चित्राच्या ओळी वरून खाली मोजतात आणि उत्तर मात्र वर. कुणी शहाण्यानं ते उणेचिन्ह खोडलं, की शिये दक्षिणेला आणि कोल्हापूर उत्तरेला!

सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने कागदी नकाशे जोडणाऱ्यांना बावडा जरा जास्तच छळतो. गाव ४७ एल/२ या शीटच्या अगदी ईशान्य कोपऱ्यात. नदीपलीकडं गेलं की एल/१, एल/५ आणि एल/६ हजर. चारही शीटची पांढरी किनार कापल्याशिवाय शिवण जुळत नाही.

आता खरा हार्ड विषय. पावसाळ्यात अख्खं कोल्हापूर राजाराम बंधाऱ्यावरचं पाणी फूट-इंचात मोजतं. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. २०१९ च्या महापुरात पाणी ५५ फूट ७ इंचांवर गेलं, २०२१ मध्ये ५६ फूट ३ इंचांवर. फरक आठ इंचांचा. आणि उंचीसाठी आपण फुकट उतरवून घेतो तो एसआरटीएमचा रास्टर? फेब्रुवारी २०००मध्ये एंडेव्हर यानानं अकरा दिवसांत मोजलेला, पूर्ण मीटरमध्ये. म्हणजे इशारा ते धोका हा सगळा थरार तिथं जेमतेम एका आकड्याचा, आणि ठरवलेली अचूकता तर १६ मीटरची! एक चौकोन ३० मीटरचा, त्यात बंधाऱ्याची भिंतही हरवते. वर फेब्रुवारी म्हणजे गळीत हंगाम. उभ्या उसाच्या शेंड्याजवळूनच रडारची लाट परतली असेल, तर तिथली जमीनही जरा उंचच नोंदली जाणार. अशा लेयरवर ‘४३ फुटांचं पाणी कुठल्या गल्लीत’ हे रेखणाऱ्याला आधी चहा पाजावा आणि मग नकाशा काढून घ्यावा.

हाच लेयर कधी नुसता करडा दिसतो. गुन्हेगार: उणे ३२७६८. जिथं मोजमाप मिळालं नाही तिथं भरलेला हा आकडा. सॉफ्टवेअर त्याला खरी उंची समजलं, की काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या सगळ्या छटा त्या पाताळात खर्च होतात आणि आपल्या साडेपाचशे मीटरच्या आसपासच्या गावाला एकच रंग उरतो. ‘नो डेटा’ म्हणून तो आकडा नोंदवा, गल्ल्या नाही तरी टेकड्या परत येतील.

पाणी १, ऊस २, वस्ती ३ असे क्रमांक दिलेला रास्टर नव्या चौकोनांत बसवताना ‘बायलिनिअर’ निवडू नका. नदी आणि घराची सरासरी दोन, म्हणजे नदीकाठच्या घरात ऊस! ‘निअरेस्ट नेबर’ घ्या.

महापुरात साधे उपग्रह ढगच दाखवतात. सेंटिनेल-१ चं रडार ढगांतून पाहतं आणि शांत पाणी काळं टिपतं. पण गुळगुळीत धावपट्टीही त्याला काळीच, त्यामुळं उजळाईवाडीच्या विमानतळावर भर उन्हाळ्यातसुद्धा ‘पूर’. उलट पाण्यात उभा असलेला उंच ऊस चकाकतो आणि बुडालेलं रान कोरडं वाटतं. पुराआधीचं चित्र शेजारी ठेवून दोन्हींत काळं असेल ते वगळलं, की धावपट्टी सुटते, रंकाळाही सुटतो. उसाचं मात्र शिवारात जाऊनच बघावं लागतं.