व्हिसा आला, करार वाचला का?

रत्नागिरी-रायगडच्या कितीतरी घरांची चूल आखाती देशांतल्या कमाईवर पेटते. मुलाचा व्हिसा आला की घरात ईद होते. अम्मीचे दागिने गहाण पडतात, एजंटाला पैसे पोहोचतात. व्हिसा कोणता, हे मात्र कुणी विचारत नाही.

फसगत इथेच होते. व्हिजिट व्हिसावर गेलेल्याला तिथे काम करण्याचा हक्कच नसतो. पगार थकला तरी तक्रार करायला तो घाबरतो.

आपल्याकडे १९८३च्या कायद्याप्रमाणे परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटाची सरकारकडे नोंदणी लागते. ती ‘ई-मायग्रेट’ या सरकारी संकेतस्थळावर तपासता येते. ३० हजार रुपये आणि त्यावरील जीएसटी, याहून जास्त सेवाशुल्क त्याला घेता येत नाही.

तिकडचे कायदेही माहीत हवेत. कतारमध्ये मार्च २०२१पासून किमान मूळ पगार महिना १,००० रियाल आहे. मालकाने राहण्याची सोय केली नाही तर आणखी ५०० आणि जेवणाची केली नाही तर ३०० रियाल द्यावे लागतात. कामगाराचा पासपोर्ट दाबून ठेवणे तिथे बेकायदा आहे.

मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी द्या, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण. ती पाळणे मालकाचे कर्तव्य. आपले कर्तव्य त्याआधी सुरू होते. मुलाची बॅग भरण्यापूर्वी करार समजून घ्या. पगार, कामाचे तास, सुट्टी पाहा. कराराची आणि पासपोर्टची एक प्रत घरी ठेवा. अडचणीच्या वेळी भारतीय दूतावासात दाद मागताना हेच कागद कामी येतात.