मुलाला आधी काय कळते?

मराठी व्याकरणात तीन लिंगे आहेत, असे गुरुजींनी सांगताच मागच्या बाकावर खसखस पिकते. गुरुजी डोळे वटारतात आणि धडा पुढे सरकतो. गंमत अशी की, ‘मूल’ हा शब्द आपण नपुंसकलिंगी ठेवला आहे. पण ते मूल शाळेत पाऊल टाकण्याआधीच ‘मुलीसारखा काय रडतोस?’ हे ऐकून तयार झालेले असते!

लैंगिक ज्ञान मुलांना केव्हा द्यावे, असे पालक गंभीर चेहऱ्याने विचारतात. जणू ते कपाटात कुलूपबंद आहे आणि किल्ली यांच्या कनवटीला! प्रत्यक्षात दोन-तीन वर्षांचे पोर आंघोळीच्या वेळी आपल्या नि बहिणीच्या शरीरातला फरक पाहते आणि विचारते. नाकाला नाक म्हणतात, कोपराला कोपर. त्या एका जागेचे नाव विचारले की उत्तर येते, ‘शी!’ नाव कळत नाही, लाज मात्र तत्काळ कळते. पुढे कोणी नको तिथे हात लावला, तर ते पोर आईला सांगणार कोणत्या शब्दांत? २०१२ सालचा पॉक्सो कायदा कडक आहे खरा, पण तक्रारीला शब्द लागतातच.

माणसांतले वेगळेपणही मूल असेच, मोठ्यांच्या चेहऱ्यावर वाचते. एकदा काळेवाडी फाट्याच्या सिग्नलला आमच्या रिक्षाजवळ टाळी वाजवीत एक तृतीयपंथी आली. शेजारची सहा वर्षांची पोर बरोबर होती. तिने मोठ्याने विचारले, “काका, ही मावशी आहे का काका?”

“तिलाच विचार, काय म्हणू म्हणून,” मी म्हटले.

“मावशी म्हण, बाळा,” उत्तर आले. झाले! पोर मावशीच्या बांगड्या मोजू लागली. घाम फुटला होता तो रिक्षावाल्याला. आमच्या पिंपरी-चिंचवड महापालिकेने २०२२ साली तृतीयपंथीयांना सुरक्षारक्षक म्हणून कामावर घेतले. गणवेशातली अशी मावशी रोज दिसली, तर मुलांना वेगळे काही समजावून सांगावे लागणार नाही, असे मला वाटते.

प्रश्नाला सरळ उत्तर देण्याची किंमत र. धों. कर्व्यांनी मोजली. १९२७ साली त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले. वाचक हस्तमैथुनाबद्दल, समलिंगी आकर्षणाबद्दल विचारीत आणि गणिताचे हे माजी प्राध्यापक गणित सोडवावे तशी कोरडी उत्तरे देत. त्या उत्तरांवरून १९३४ साली खटला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. तरी दंड झालाच. १९५३ साली कर्वे वारले. पुढे २००७ साली महाराष्ट्राने शाळांतले लैंगिक शिक्षणच थांबवले! समलिंगी संबंध हा गुन्हा नव्हे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिला, पण तो निकाल वर्गातल्या मागच्या बाकापर्यंत अजून पोहोचायचा आहे.

कारण त्यानंतरचीच गोष्ट. माझ्या तासाला एक मुलगा कविता वाचायला उभा राहिला. आवाज नाजूक, हातवारे मऊ. मागून आरोळी आली, “बायल्या!” वर्ग हसला.

आरोळी ठोकणारा पोरगा तसा वाईट नव्हता. तास संपल्यावर मी त्याला विचारले, “हा शब्द कुठे शिकलास रे?”

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “बाबा म्हणायचे, सर. मला. लहानपणी मी भातुकली खेळायचो तेव्हा.”

कविता वाचणारा त्या वर्षी पुन्हा वाचायला उभा राहिला नाही.