रात्रीचा खेळ आणि कॅमेऱ्याची कसोटी

९ मार्च १९९६ ची रात्र. बंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमवर विश्वचषक क्रिकेटचा भारत-पाकिस्तान उपांत्यपूर्व सामना रंगात आला होता. या मैदानावर प्रकाशझोतात खेळला जाणारा हा पहिलाच सामना. २८७ धावांचा पाठलाग करताना पाकिस्तानने पंधराव्या षटकापर्यंत शंभरी ओलांडली होती. कर्णधार आमिर सोहेलने वेंकटेश प्रसादला सणसणीत चौकार मारला आणि चेंडू कुठे गेला, ते बॅट रोखून त्याला दाखवले. पुढच्याच चेंडूवर सोहेलची यष्टी उडाली! भारताने सामना ३९ धावांनी जिंकला.

टीव्हीवर हे दृश्य हवे तितक्या वेळा दाखवता येते. सीमारेषेबाहेर कॅमेरा रोखून बसलेल्या छायाचित्रकाराला मात्र तो चेंडू एकदाच मिळतो. आणि रात्री तो मिळवणे दिवसापेक्षा कितीतरी अवघड असते.

डोळ्यांची फसगत

स्टेडियमचे दिवे लागले की आपल्याला लख्ख उजेड पडल्यासारखा वाटतो. पण ती डोळ्यांची किमया. भर दुपारच्या उन्हाचा प्रकाश सुमारे एक लाख लक्स असतो. टीव्ही प्रक्षेपणासाठी सजवलेल्या मोठ्या मैदानावर तो जेमतेम दीड-दोन हजार भरतो, तर गल्लीतल्या किंवा कॉलेजच्या मैदानावर दोन-तीनशे लक्स मिळाला तरी पुष्कळ.

उजेड कमी म्हणजे कॅमेऱ्याचा पडदा, अर्थात शटर, जास्त वेळ उघडे ठेवायला हवे. आणि खेळाडू तर थांबायला तयार नसतो! ताशी १४० किलोमीटर वेगाचा चेंडू सेकंदाच्या पाचशेव्या भागात जवळजवळ आठ सेंटिमीटर पुढे सरकतो, म्हणजे स्वतःच्या व्यासापेक्षाही अधिक. शटर सेकंदाचा साठावा भाग उघडे राहिले, तर तोच चेंडू फोटोत दोन फुटांची पांढरी रेघ होऊन बसतो.

फ्लॅश का वापरू नये, असे कुणी विचारील. पण फ्लॅशचा उजेड काही मीटरपलीकडे पोहोचत नाही. प्रेक्षकांत बसून खेळपट्टीच्या दिशेने उडवलेला फ्लॅश फक्त पुढच्या रांगेतल्या डोक्यांवर प्रकाश पाडतो. शिवाय खेळाडूचे डोळे दिपले तर इजा होण्याची भीती.

रोलचा जमाना

१९९६ साली सारी भिस्त फिल्मच्या रोलवर होती. ८०० संवेदनक्षमतेचा रोल १६०० चा समजून वापरायचा आणि डेव्हलपिंगची वेळ वाढवून उणीव भरून काढायची, ही तेव्हाची युक्ती. तिची किंमतही मोजावी लागे. फोटो रवाळ येई, सावल्या काळ्याकुट्ट होत. एका रोलवर ३६ फोटो. मोटर लावलेला कॅमेरा सहा-सात सेकंदांत तो संपवून टाकी. नेमका मोक्याचा चेंडू रोल बदलताना पडला, तर सारेच संपले. आणि हाती काय लागले, हे डार्करूममधून बाहेर आल्याशिवाय कळत नसे.

दिव्यांची आणखी एक खोडी आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. त्यामुळे मेटल हॅलाइड दिवे सेकंदाला शंभर वेळा उजळतात आणि मंदावतात. डोळ्याला ते जाणवत नाही, पण वेगवान शटरला जाणवते. पाठोपाठच्या दोन फोटोंत एक उजळ, तर दुसरा काळपट आणि पिवळसर येतो. शेजारशेजारचे दिवे विजेच्या वेगवेगळ्या फेजवर जोडले की हा दोष कमी होतो.

पुढे डिजिटल कॅमेरे आले. २००७ मध्ये निकॉनच्या डी-३ ची संवेदनक्षमता ६४०० पर्यंत पोहोचली. १८ एप्रिल २००८ रोजी याच चिन्नास्वामीवर आयपीएलचा पहिला सामना रात्री झाला आणि ब्रेंडन मॅक्युलमने ७३ चेंडूंत नाबाद १५८ धावा फटकावल्या. तोवर फोटो काढताक्षणी पाहण्याची सोय झाली होती. निसटलेला क्षण मात्र तेव्हाही परत येत नव्हता, आजही येत नाही.

थांबलेला क्षण ओळखा

महागडी भिंगे सर्वांना परवडत नाहीत. पण मुलाचा रात्रीचा कबड्डीचा सामना किंवा सोसायटीची क्रिकेट स्पर्धा टिपायची हौस अनेक घरांत असते. त्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. प्रत्येक खेळात क्षणभर थबकणाऱ्या जागा असतात. उंच उडी घेतलेला खेळाडू शिखरावर पोहोचल्यावर निमिषभर स्थिर भासतो. चढाईपटू झेप घेण्यापूर्वी दबा धरतो. बळी मिळाल्यावर गोलंदाज हात उंचावून उभा राहतो. बटण तेव्हा दाबावे.

जागा निवडताना दिव्याचा उजेड खेळाडूच्या चेहऱ्यावर पडेल, अशी निवडावी. शक्य तितके जवळ जावे. मोबाइलने दुरून झूम केल्यास चित्र फुटते. कॅमेरा तिकाटण्यावर किंवा कठड्यावर टेकवल्यास हाताचा कंप जातो, पण धावणाऱ्याचे पाय काही थांबत नाहीत, हेही विसरू नये.

१९९६ च्या त्या षटकातले लोकांना आज काय आठवते? उडालेली यष्टी तर आठवतेच, पण त्याहून अधिक आठवते ती सोहेलची रोखलेली बॅट आणि त्याला तंबूचा रस्ता दाखवणारा प्रसादचा हात. दोघेही त्या घडीला धावत नव्हते. उजेड कमी असला तरी असे क्षण हाती लागतात. मात्र ते कधी येतील, हे कॅमेऱ्याला नव्हे, खेळ जाणणाऱ्यालाच कळते.