ओव्हरक्लॉक करण्याआधी हिशेब करा!

रोह्याहून दिव्याची गाडी, दिव्याला लोकल, दादरला वेस्टर्न आणि ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड. पीसी बिल्ड करणाऱ्या आपल्याकडच्या पोरापोरींना हा रूट पाठ असतो. दुकानातून आणा नाहीतर ऑनलाइन मागवा, ग्राफिक्स कार्ड म्हणजे कित्येक महिन्यांच्या सेव्हिंगची खरेदी. निवड चुकली तर घरी सांगायची पंचाईत! म्हणून आधी थोडा हिशेब.

मधल्या किमतीतली तीन कार्डं घेऊ. एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०६० आणि एएमडीचं आरएक्स ७६०० ही दोन्ही २०२३ची, दोघांनाही मेमरी ८ जीबी. लाँचच्या वेळी किंमत अनुक्रमे २९९ आणि २६९ डॉलर. डिसेंबर २०२४मध्ये आलेलं इंटेलचं आर्क बी५८० मात्र २४९ डॉलरमध्ये १२ जीबी देतं. आपल्याकडे टॅक्स धरून भाव वेगळा पडतो आणि सारखा बदलतो, पण तुलनेला हे आकडे पुरेत.

मग सरळ इंटेल घ्यायचं? थांबा. त्याला मदरबोर्डवर ‘रिसायझेबल बार’ची सोय लागते. दादाचा जुना पीसी अपग्रेड करत असाल तर हे कार्ड त्यात अडखळेल. ब्लेंडर किंवा मशीन लर्निंगचा प्रोजेक्ट असेल तर एनव्हिडियाच सोयीचं, कारण बरीच सॉफ्टवेअर्स त्याच्या ‘कुडा’वर चालतात. फक्त गेमिंग आणि बजेट टाइट, तर एएमडी बघा.

आता वीज. ४०६० खातं ११५ वॉट, ७६०० खातं १६५ आणि बी५८० तब्बल १९०. रोज चार तास खेळलात तर ४०६०पेक्षा ७६००ला महिन्याला सहा युनिट जास्त लागतील, बी५८०ला नऊ. बिलापेक्षा मोठा प्रश्न यूपीएसचा. ६०० व्हीएच्या साध्या यूपीएसमधून साधारण ३६० वॉटच मिळतात. पावसाळ्यात लाइट गेले की गेम सेव्ह करून पीसी बंद करण्याइतका वेळ मिळायला हवा ना!

आणि ओव्हरक्लॉकिंग? या रेंजमध्ये त्यातून मिळणारा फायदा बहुतेक वेळा दहा टक्क्यांच्या आतच. पाच टक्के मिळाले असं धरलं तरी ६० एफपीएसचे होतात ६३. डोळ्यांना कळतही नाही. कार्ड मात्र जास्त तापतं आणि पंखा बोंबलतो. मे महिन्यात आपल्या दमट हवेत, एसी नसलेल्या खोलीत हा सौदा कोण करेल?

त्यापेक्षा उलटं करा, अंडरव्होल्टिंग! चिपची वीज ढोबळमानाने व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. म्हणजे स्पीड तोच ठेवून व्होल्टेज १० टक्के उतरवता आलं, तर चिपची वीज जवळपास १९ टक्के वाचते. एनव्हिडियासाठी ‘आफ्टरबर्नर’ फुकट मिळतं, एएमडीच्या ‘अ‍ॅड्रेनलिन’मध्ये सोय आतच असते. प्रत्येक चिप वेगळी, त्यामुळे थोडं थोडं उतरवायचं आणि दर वेळी अर्धा तास जड गेम चालवून बघायचा. क्रॅश झाला तर एक पायरी मागे.

‘ओसी एडिशन’ असं लिहिलेल्या डब्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नका. तेच पैसे चांगल्या पॉवर सप्लायमध्ये घाला. उद्या कार्ड बदललंत तरी तो कामाला येईल.